झाड लावायचं नाही

आमच्या भाजीच्या जागेचा एकच नियम लेखी आहे, आणि तोही व्हॉट्सॲपवर: झाड लावायचं नाही. बाकी सगळं तोंडी. मेथी पेरा, वांगी लावा, दोडक्याचा वेल तारेवर चढवा, कुणी विचारणार नाही. शेवगा मात्र नको, कढीपत्ता नको, केळ नको आणि पपई तर मुळीच नको.

जागा बेळगावात, हिंदवाडीकडून अनगोळला जाताना आतल्या बाजूला होती. तीस बाय चाळीसचे दोन प्लॉट, एकमेकांना लागून. मालक पुण्याला. मुलगा परदेशातून परत आला की बांधकाम काढायचं, असा त्यांचा बेत. तोवर आसपासच्या बिल्डिंगमधल्या आणि मागच्या गल्लीतल्या आम्ही काही बायका आणि दोन निवृत्त काका तिथं भाजी करायचो. भाडं नाही. जागा स्वच्छ असल्याचे फोटो अधूनमधून पाठवायचे, आणि दिवाळीला मालक बेळगावात आले की त्यांना पिशवीभर भाजी द्यायची. दोन्ही प्लॉट मिळून चोवीसशे चौरस फूट, म्हणजे सव्वादोन गुंठेसुद्धा पुरते नाहीत. शेतकरी माणूस एवढ्या जागेला रान म्हणणारच नाही.

पपई आम्ही लावली नव्हती. घरातल्या ओल्या कचऱ्याच्या खतातून बी आलं आणि कोपऱ्यात रोप उठलं. गणपतीपर्यंत ते खांद्याला लागलं. त्या महिन्याच्या फोटोत ते मागे दिसलं असणार, कारण संध्याकाळी मालकांचा फोन. आवाज अगदी नरम. "वहिनी, तेवढं पपईचं झाड काढून टाका. फळ धरलं की मग..." पुढं ते बोलले नाहीत. आमच्यातल्या अक्कांनी कोयता घेतला आणि दोन घावांत विषय संपवला. बाकीच्यांची कुरकुर झाली. पपईचं आयुष्य ते काय, त्यानं कुणाची मालकी जाणार? मला मात्र त्यांची भीती समजत होती, कारण मी त्या भीतीच्या पलीकडच्या बाजूची आहे. माझे आजोबा कूळ होते, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारे.

कर्नाटकाचा जमीन सुधारणा कायदा १९६१ चा. त्याला खरी धार आली ती १९७४ च्या दुरुस्तीनं, देवराज अर्स मुख्यमंत्री असताना. १ मार्च १९७४ ला जी शेतजमीन कुळाकडं होती ती सरकारजमा झाली, आणि कुळानं नमुना ७ भरून ती आपल्या नावावर मागायची असं ठरलं. तालुक्या-तालुक्यात त्यासाठी न्यायमंडळं बसली. यापुढं शेतजमीन खंडानं देणंच बंद झालं. सूट ठेवली ती सैनिकांना आणि जहाजावर नोकरी करणाऱ्यांना. आमच्या भागाची ही गाडी त्याआधी एकदा थोडक्यात चुकली होती. तिकडं मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या तारखेला कुळं कायद्यानं मालक मानली गेली. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ लाच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलेलं. मध्ये पाच महिने. चंदगड तालुका त्याच वेळी बेळगाव जिल्ह्यातून निघाला आणि मुंबई राज्यात राहिला. खानापूर इकडं आलं. सीमाभाग म्हटलं की आपण पाट्या, शाळा आणि मोर्चे यांवर बोलतो. एकाच डोंगराच्या दोन अंगांना राबणाऱ्या कुळांची कॅलेंडरं त्या पाच महिन्यांनी किती वेगळी झाली, यावर कुणी बोलताना मी फारसं ऐकलेलं नाही.

आजोबांची सुनावणी झाली तेव्हा मी लहान. खंड भातानं घातला जायचा, त्याची पावती कोण देणार? पुराव्याला शेजारच्या बांधकऱ्यांच्या साक्षी होत्या, आणि फणस होते. बांधावरचे तीन फणस आजोबांनी स्वतः लावलेले, गावातल्या म्हाताऱ्यांनी ते रोपं असताना पाहिलेले. घरात पुढं कितीतरी वर्षं ही गोष्ट फणस कापताना सांगितली जायची, की जमीन आपल्याला यांनी मिळवून दिली. खरं-खोटं काय ते न्यायमंडळाच्या कागदांत असेल. पण झाड लावणारा माणूस त्या जागेवर पुढची वीस वर्षं गृहीत धरतो, हे मालकालाही कळतं आणि कुळालाही. मालकांनी मला नंतर कधीतरी सांगितलं, त्यांच्या आजोबांची यळ्ळूरकडची जमीन अशीच गेली होती. मग आम्ही दोघांनी पावसाचा विषय काढला.

आता शहरातल्या बिगरशेती प्लॉटाला कूळकायदा लागत नाही, हे कुठलाही वकील सांगेल. पण कायदा लागत नाही म्हणून आठवण थोडीच जाते? बेळगावात उपनगरांकडं जा, चार घरांआड एक रिकामा प्लॉट दिसेल. त्यात कमरेइतकं काँग्रेस गवत. हे गवत आपल्याकडं १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि देशभर पसरलं. त्यानं अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो, जनावर त्याला तोंड लावत नाही. कुणी कोबी लावलेला चालत नाही, पण हे चालतं, कारण काँग्रेस गवत उद्या कचेरीत अर्ज घेऊन उभं राहणार नाही. पुण्याच्या मालकांनी आम्हाला जागा दिली हे मी म्हणूनच फार मोठं मानते. त्यांनी फक्त एवढंच पाहिलं, की आम्ही लावू ते तीन-चार महिन्यांत जमिनीबाहेर यावं.

आणि तसंच चालायचं. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, लाल माठ, मुळा, नवलकोल. वांगी आणि मिरची जरा जास्त मुक्काम करणारी, तेवढी सूट. आम्ही हंगामापुरते शेतकरी.

आमच्यातल्या बायका कोण, हे सांगायला हवं. अक्का बैलहोंगलकडच्या, काळ्या रानातल्या. ज्वारी, हरभरा आणि कापूस हे त्यांचं माहेर. त्यांचं मराठी कन्नडच्या वळणाचं, माझं कन्नड मराठीच्या वळणाचं, आणि कामाच्या वेळी दोन्ही बाजूला पडतं. एक काकू चंदगडच्या, नाचणी आणि भुईमुगात वाढलेल्या. एक वहिनी कडोलीच्या, बटाट्याची सरी डोळे मिटून ओढतील. एक निपाणीची, तिच्या माहेरी तंबाखू. आमच्यात माहेरी किंवा सासरी जमीन नाही अशी जवळजवळ कुणीच नाही, आणि उताऱ्यावर जिचं नाव आहे अशीही कुणी नाही. काळ्या मातीत पाणी कधी द्यायचं, कुठल्या ढगाला पेरायचं, भांगलण दोन दिवस लांबली तर काय होतं, हे सगळं हातात घेऊन या बायका लग्नानंतर शहरात आल्या आणि तिसऱ्या मजल्यावर तुळशीच्या कुंडीपाशी थांबल्या.

कायदा आहे. कर्नाटकानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा वाटा देणारी दुरुस्ती केंद्राच्याही आधी, ३० जुलै १९९४ पासून लागू केली. फक्त त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं ती अटही काढली. त्यानंतर आमच्या भागात एक कागद फार चालू लागला: हक्कसोडपत्र. मीही त्यावर सही केली आहे. कचेरीबाहेर झाडाखाली बाक, भावानं आणलेला कागद, आत गेल्यावर बोटाचा ठसा आणि फोटो, येताना खाडे बाजारात साडी. भाऊ वाईट नाहीत. दर सुगीला तांदळाचं पोतं येतं, फणसाच्या दिवसात गरे येतात. सही नाकारून माहेरचा उंबरा गमवायचा, एवढी किंमत कुणाला परवडते? देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत कसणाऱ्या खातेदारांत बायकांचं प्रमाण सुमारे १४ टक्के निघालं. शेतात वाकलेल्या पाठी ज्यानं पाहिल्या आहेत त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्याच्या नावावरच्या मातीत राबायची सवय आम्हाला प्लॉटवर नव्यानं करावी लागली नाही, इतकंच माझं म्हणणं.

माती मात्र नव्यानं करावी लागली. वर शेजारच्या बांधकामाचा राडारोडा: खडी, विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, घट्ट झालेली सिमेंटची पोती, गुटख्याच्या पुड्या. खाली लाल मुरमाड जमीन. अक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी एक ढेकूळ उचललं, चुरगळलं आणि "ही काय माती, ही तर रंगाची पूड" म्हणून हात झटकला. जुन्या चुन्याच्या गिलाव्याचे तुकडे तेवढे आम्ही राहू दिले. इकडची लाल माती पावसानं धुऊन धुऊन आंबट झालेली असते, तिला थोडा चुना मानवतो. बाकी सगळं टोपल्यांनी उपसलं.

खतासाठी गवळ्याकडून शेण विकत आणायचो. बाकीचं फुकटात: टिळकवाडीच्या रस्त्यांवरचा पालापाचोळा, जो एरवी सकाळी झाडून पेटवला जातो, रसवंतीवाल्याकडची चिपाडं, उसाच्या गाडीतून पडलेलं पाचट. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, गणिताचे प्राध्यापक आणि प्रयोग परिवाराचे जनक, आयुष्यभर हेच सांगत होते, की पानात साठलेलं ऊन मातीत परत घाला आणि दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागवा. आमचं एवढ्या जागेत काही कुणाचं भागणार नव्हतं. पण उन्हाळाभर रचलेला ढीग पावसाळ्याच्या तोंडावर उघडला आणि आत हात घातला, की तो कोमट लागायचा, आणि पहिल्या वळवानंतर येतो तो वास आत कोंडलेला असायचा. दोन वर्षांनी अक्कांनी पुन्हा एक ढेकूळ उचललं. या खेपेला हात झटकला नाही.

जागेचे पट्टे पाडले होते, चार फूट रुंद, मध्ये दीड फुटाची वाट. पट्ट्यांवरून भांडण होणारच होतं. पूर्वेकडच्या पट्ट्यांवर बिल्डिंगची सावली, पश्चिमेकडचे आडाला जवळ. (आड शेजारच्यांचा, मोटार त्यांची, विजेचं बिल आमचं. नळाचं पाणी आमच्याकडं रोज येत नाही, ते भाजीला घालायची हिंमत कुणाची?) म्हणून ठरलं, दरवर्षी मृगाच्या आधी चिठ्ठ्या टाकायच्या आणि पट्टे बदलायचे. सगळ्यांना पटलं. न्याय झाला.

पुढच्या चैत्रात शेणाची गाडी आली आणि कुणी घ्यायलाच तयार नाही. "आता घालून काय करू, दोन महिन्यांनी कुणाच्या वाटणीला जाईल कुणाला ठाऊक." हे एकीनं बोलून दाखवलं, बाकीच्या गप्प राहिल्या आणि पैसे देणं टाळलं. त्याहून बारीक गोष्ट मेथीत दिसली. मेथी काढायच्या दोन तऱ्हा. विळ्यानं जमिनीलगत कापायची किंवा मुळासकट उपटायची. मेथी शेंगांच्या कुळातली. तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्यात हवेतला नत्र साठतो. कापली तर मूळ जमिनीत कुजतं आणि पुढच्या पिकाला मिळतं. हे आमच्यात सगळ्यांना माहीत. तरी चिठ्ठ्यांची तारीख जवळ आली की पट्ट्या-पट्ट्यात मेथी उपटलेली दिसायची, मुळं झटकून, पेंडी बांधून. ज्यांचं बाकी वागणं अत्यंत उदार, शेजारणीला मिरच्या मूठभर जास्तच देणाऱ्या, त्याच बायका.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांनी त्यावर एकच वाक्य टाकलं. "पूर्वीचे जमीनदार हेच करत होते की. कुळाचं नाव पहाणीत लागू नये म्हणून यंदा हे रान, पुढल्या वर्षी ते." माझ्या आजोबांचाही एक तुकडा असाच हातचा गेला होता. मग आम्ही नियम बदलला. पट्टा तीन वर्षं एकीकडं. सावलीवालीनं पालेभाजी करावी, उन्हातलीनं वांगी-टोमॅटो, आणि देवघेव आपापसात. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही सगळी एका कुळातली, त्यांचे रोगही एक. ती एकाच जागी वर्षानुवर्षं लावली की मर लागते. त्यामुळं पट्ट्याच्या आतच पिकांची फिरवाफिरव ठेवली. पुढच्या चैत्रात शेण कमी पडलं.

रेल्वेवाल्या काकांना या गोष्टी ठाऊक असायचं कारण त्यांनी नोकरीत असताना रुळांकडेची पट्टी केली होती. 'ग्रो मोअर फूड' नावाच्या योजनेखाली रेल्वे आपल्या कर्मचाऱ्यांना पडीक जमीन परवान्यानं भाजीसाठी द्यायची. मुंबईच्या लोकलमधून पालकाचे वाफे दिसायचे ते त्यातलेच बरेच. परवाना ठरावीक मुदतीचा, रेल्वेला जागा लागली की सोडायची. काकांचा शब्द: "नोटीस आली तेव्हा वांग्याला फूल होतं."

माझी भाची इंग्लंडात आहे. तिला तिथल्या कौन्सिलकडून असा पट्टा मिळाला, बरीच वाट बघितल्यावर. तिनं फोटो पाठवला: लाकडी खोपट, राजगिऱ्याची भाजी आणि वाफ्याकडेला गावठी कोथिंबीर. तिकडं १९०८ चा कायदा आहे. गावातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली तर कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. जुन्या मापानं पट्टा दहा रॉडचा, म्हणजे अडीचशे चौरस मीटर. मी गुंठ्यात हिशेब केला तर जवळपास अडीच गुंठे भरले. आमच्या सगळ्यांच्या मिळून जागेपेक्षा तिची एकटीची जास्त. जर्मनीत अशा बागांचा स्वतंत्र केंद्रीय कायदाच आहे, १९८३ चा. मला हेवा वाटला तो मापाचा नव्हे, कागदाचा. तिच्या हातात करार आहे. भाडं भरलं आणि जागा नीट राखली की तिला कुणी सहज उठवत नाही. झाडांवर बंधनं मात्र तिच्याही करारात आहेत. ते वाचून मी तो मालकांना पाठवणार होते, मग म्हटलं, कशाला.

आमच्याकडं सरकारी पडीक जमीन करणाऱ्याला बगर हुकूम म्हणतात, आणि ती नावावर करून मागायला अर्ज निघतात. गावाकडची पिढ्यान्‌पिढ्यांची आशा त्यावर टांगलेली आहे. २०२० मध्ये कायदा बदलून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. म्हणजे आम्हीही घेऊ शकतो. बेळगावच्या दहा मैलांत गुंठ्याचा भाव विचारून या म्हणजे झालं.

जुलै-ऑगस्टात प्लॉटवर मन रमत नाही. आमचा पाऊस धो-धो कमी, झिमझिम जास्त, दिवस दिवस सूर्य नाही. मेथी कुजते, कोथिंबीर पिवळी पडते, रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. वाफे वीतभर उंच केले तरच काही हाती लागतं. निपाणीवालीनं मावा मारायला माहेरचा तंबाखू भिजवून पाणी आणलं, ते लागू पडलं. पण टोमॅटो-मिरचीला आम्ही ते दाखवत नाही. तंबाखूच्या पानातला मोझॅक रोगाचा विषाणू वाळल्यावरही जिवंत राहतो आणि हातावरून या दोन्ही पिकांना लागतो. दुसरे काका तंबाखू मळतात. त्यांना साबणानं हात धुतल्याशिवाय टोमॅटोच्या बाजूला येऊ देत नाही. ते याला अस्पृश्यता म्हणतात.

पण याच पावसाळ्यात ऋषिपंचमी येते, आणि त्या एका दिवशी आमच्या जागेची किंमत गल्लीत सगळ्यांना कळते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही; नांगरटीचं धान्य नको, परसातली, हातानं खणून केलेली भाजी हवी. बाजारात त्या दिवशी भाज्यांचे मिश्र वाटे मिळतात, आणि त्यातला भोपळा कुठल्या ट्रॅक्टरखालून आला हे देवालाही माहीत नसतं. आमच्या जागेत बैल फिरायला जागाच नव्हती. आदल्या दिवशीपासून बायका पिशव्या घेऊन हजर: अळूची दोन पानं द्या, पडवळाचा तुकडा द्या, लाल माठ द्या, कवळी भेंडी. मग गौरी आल्या की भाजी-भाकरीच्या नैवेद्याला शेपू. पैसे घ्यायचे नाहीत असं ठरलेलं. पण एका काकूंनी देवापुढं ठेवावेत तसे वाफ्याच्या कडेला अकरा रुपये ठेवले, आणि ते परत द्यायला कुणाला धीर झाला नाही.

कडोलीकडून भाजी घेऊन येणारी मावशी मात्र यानं अजिबात भारावली नाही. तिची पाटी आमच्या कोपऱ्यावर असते. "तुम्हीच भाजी लावलासा तर आम्ही काय खडी विकायची?" ती हसून म्हणाली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते. भाव पडला की हीच कोबी रानात नांगरून टाकतात, टोमॅटो रस्त्यावर ओततात. आपण हौसेनं सहा वांगी काढायची आणि ती फोटोत घालून "विषमुक्त" म्हणायची, आणि दोन गुंठे सोडून दोन एकर करणाऱ्या बाईनं काय वापरावं यावर बोलायचं, हे मला पटत नाही. प्लॉटवरून घरचा बाजार संपत नाही. कांदा, बटाटा, गाजर, कोबी तिच्याकडूनच घेतो. उलट स्वतः फ्लॉवरचा एक गड्डा अळीतून वाचवून बघितल्यावर तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करायची हौस फिटली. तीच आम्हाला वांग्याची जवारी रोपं आणून द्यायची, वाफ्यावर उभं राहून नावं ठेवायची, आणि जाताना दोन मिरच्या तोडून तोंडात टाकायची.

गेल्या उन्हाळ्यात मालकांचा फोन आला. मुलगा तिकडंच राहणार. दोन्ही प्लॉट विकले. मुदत महिन्याची दिली, ती त्यांच्यावर बंधनकारक नव्हती. मिरची ऐन तोडणीला होती. ती तोडून खर्डा करून संपवली, वांगी शेवटपर्यंत काढली. आमच्यात कुणी रडलं वगैरे नाही. तीन-चार महिन्यांत बाहेर येईल असंच सगळं लावलं होतं, ते बाहेर आलं.

राहिली माती. नवीन मालकाचा सुपरवायझर माप घ्यायला आला होता. मी विचारलं, खणलेली माती कुठं टाकणार? "कुठंतरी नाल्याकडं." मग वरची वीतभर आम्ही नेली तर? तो माझ्याकडं जरा बघत राहिला. "न्या की बाई. आमचा एक डंपर वाचंल." जुन्या मालकांनाही फोन केला, कारण कागद अजून पुरते झाले नव्हते. ते जरा थांबून म्हणाले, "माती? माती न्या. लेव्हल तेवढी ठेवा."

पुढची जागा शहापुरात बघितली होती. जुन्या वाड्याचं परस, आत आड, घरात एकट्या आजी. जागा निम्मी, आणि आजींची अट अशी की सकाळी त्यांच्या दोन घागरी भरून द्यायच्या. टेंपो ठरवला. सिमेंटची आणि साखरेची रिकामी पोती गोळा केली. कुदळ लागलीच नाही, नुसत्या फावड्यानं माती येत होती. आत जाड गांडुळं, चिपाडाचे अर्धे कुजलेले धागे. काका म्हणाले, सगळी एकत्र भरा, तिकडं गेल्यावर सारखी पसरू. सगळ्यांनी मान डोलावली.

दुपारी मी पाणी घेऊन गेले तेव्हा अक्का आपल्या पट्ट्यापाशी बसल्या होत्या. त्यांची पोती वेगळी रचलेली, सुतळीनं शिवलेली, आणि प्रत्येकावर तेलखडूनं नाव, ठळक, आडनावासकट. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "झाड तर नाही ना लावलं मी." मी काही बोलले नाही. खडू मागून घेतला. संध्याकाळी टेंपो आला तेव्हा नाव नसलेलं एकही पोतं तिथं उरलं नव्हतं, आणि भाडं पोत्यांच्या हिशेबानं वाटायचं की माणसी, यावर दोघींचं चांगलंच जुंपलं होतं.